पहिला हॅलोवीन, दाण्याची ॲलर्जी आणि संध्याकाळचे सहा

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेलं कुटुंब. मुलगी सहा वर्षांची, तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. मुलगा अडीच वर्षांचा. अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधली सगळी मुलं हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सोंगं घेऊन दारोदार कँडी मागायला जाणार, हिलाही जायचंय. व्हॉट्सॲपवर मात्र कँडीत सुया, ब्लेड, ड्रग्ज सापडल्याचे मेसेज फिरताहेत आणि सासूबाईंचं म्हणणं, परक्यांच्या घरचं काही नकोच. कँडी तपासायची कशी, हॉस्पिटलात तिचा एक्स-रे काढून देतात हे खरं का, की यंदा दार लावून घरीच बसावं?

घरी बसू नका. मी न्यू जर्सीतल्याच एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, मुलांच्या बाजूला, एकोणीस वर्षं नर्स आहे. यातल्या बहुतेक हॅलोवीनच्या संध्याकाळी ड्यूटीवर काढल्यात, कारण लक्ष्मीपूजनाची सुट्टी मिळावी म्हणून मी हॅलोवीन घेते, हा आमच्या युनिटमधला जुना सौदा आहे. एवढ्या वर्षांत कँडीतल्या सुईने जखमी झालेलं मूल मी एकही पाहिलेलं नाही. गाडीचा धक्का बसलेलं पाहिलंय, पायघोळ झगा पायात अडकून दात पाडून घेतलेलं पाहिलंय, भाजलेलं पाहिलंय, ॲलर्जीने ओठ सुजलेलं तर दरवर्षीच. तुम्ही कँडीचं विचारलंय म्हणून त्याचं उत्तर आधी देते, पण ते पटकन आटपून रस्त्यावर आणि ॲलर्जीवर येते. तुमच्या घरापुरतं खरं काम तिथे आहे.

कोणीतरी अनोळखी माणूस मुलांना विषारी कँडी वाटतो, ही गोष्ट अमेरिकेत दोन पिढ्या सांगितली जातेय. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने दारावर दिलेल्या कँडीने मूल दगावल्याची किंवा त्याला गंभीर इजा झाल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेल्या कँडीने खरोखर गेला. पण ती देणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशासाठी. पुढे १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो भागात टायलेनॉल या ताप-अंगदुखीच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं गेली. हॅलोवीन महिन्यावर आलेला, त्यामुळे त्या वर्षी देशभर धास्ती पसरली. तुमच्या व्हॉट्सॲपवर आज जे फिरतंय ते त्याच धास्तीचं नातवंड आहे.

एक्स-रेचं म्हणाल तर काही हॉस्पिटलं पूर्वी लोकांच्या समाधानासाठी पिशव्यांचे एक्स-रे काढून देत. त्यात धातू दिसतो, विष दिसत नाही. त्यासाठी रांगेत उभं राहू नका. घरी आल्यावर पिशवी टेबलावर उलटी करा. वेष्टन फाटलेलं, उघडून पुन्हा चिकटवलेलं किंवा मुळात नसलेलं जे असेल ते कचऱ्यात. ओळख नसलेल्या घरची घरगुती कुकी किंवा केकही कचऱ्यात. पाच मिनिटांचं काम आहे. सासूबाईंचं एक मात्र शंभर टक्के बरोबर: वाटेत काही तोंडात घालायचं नाही. त्यासाठी नियमापेक्षा पोटभर वरणभात जास्त उपयोगी पडतो. साडेचारला जेवून निघालेलं मूल पिशवीत हात घालत नाही. निदान पहिली दहा घरं तरी नाही.

ड्रग्जच्या मेसेजमध्ये एक खरा धागा आहे, तो वेगळा काढून सांगते. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून मोठ्यांसाठी गांजा दुकानात कायदेशीर मिळतो, आणि तो गमीसारख्या, म्हणजे चघळायच्या मऊ गोळीसारख्या खाऊच्या रूपातही असतो. सहा वर्षांखालच्या मुलांनी असं काही खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. पण हे बहुतेक वेळा घरातच घडतं: कोणाच्या तरी टेबलावर, पर्समध्ये, पार्टीत उघड्या राहिलेल्या पाकिटातून. एवढी महाग वस्तू कोणी अनोळखी मुलांना फुकट वाटत नाही. ३१ तारखेला कोणाच्या घरी मोठ्यांची पार्टी असेल आणि तुमचा अडीच वर्षांचा तिथे फिरत असेल, तर टीपॉयवर नजर ठेवा. मूल अचानक पेंगुळलं, झोकांड्या खायला लागलं, हलवून नीट जागं होईना, तर इमर्जन्सीत या आणि काय खाल्लं असेल ते न लाजता सांगा. लपवल्यामुळे आम्ही नको त्या तपासण्या करत बसतो आणि मुलाला उगाच सुया टोचतो.

आता रस्ता. तुमच्या प्रश्नात रस्ता कुठेच नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतले पायी चालणाऱ्यांचे अपघाती मृत्यू घेऊन काही संशोधकांनी एक साधी तुलना केली. हॅलोवीनची संध्याकाळ, आणि त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधीची व एक आठवडा नंतरची संध्याकाळ. हॅलोवीनला मृत्यूचं प्रमाण ४३ टक्क्यांनी जास्त निघालं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत ते दहापट होतं. आणि धोका सगळ्यात जास्त होता संध्याकाळी सहाच्या सुमारास. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि तुमच्या कॉम्प्लेक्समधली मुलं बहुधा सहालाच निघतील, म्हणून हे आकडे देते आहे. एरवी मी आकडे सांगून कोणाला घाबरवत नाही. आणि तुमचं मूल दगावण्याची शक्यता तरीही अगदी लहान आहे, हेही त्यातच धरा.

सहाच का? इकडे ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाला पाचेक मिनिटं असताना मावळतो. घड्याळं मागे जातात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे हॅलोवीन नेहमी त्याआधी येतो. नेमकी कामावरून घरी परतण्याची वेळ, डोळे अजून अंधाराला सरावलेले नाहीत, गाडी चालवणारा दमलेला, आणि रस्त्यावर काळ्या कपड्यातली चार फुटांहून बुटकी माणसं. पार्क केलेल्या गाडीच्या बॉनेटमागे सहा वर्षांचं मूल दिसतच नाही. दोन गाड्यांच्या फटीतून ते बाहेर येतं तेव्हाच दिसतं.

आपल्या लोकांना आणखी एक सवय सोडावी लागते. पुण्यात आपण हात दाखवत, एकेक लेन जिंकत रस्ता ओलांडतो, आणि गाडीवाल्यालाही ते अपेक्षित असतं. तिथे सगळेच कायम सावध असतात. इथे चालवणारा सिग्नलवर आणि कोपऱ्यावर सावध असतो, रस्त्याच्या मध्यावर नाही. तुमच्या हाताला तो थांबेल असं गृहीत धरू नका. मूल तर तुमचंच बघून शिकतं. म्हणून आतापासूनच शाळेत जाता-येता कोपऱ्यावरूनच ओलांडायची सवय लावा, ३१ तारखेला नवं काही शिकवायला जाऊ नका.

दारोदार जाताना रस्त्याची एक बाजू आधी पूर्ण करायची, कोपऱ्यावर जाऊन ओलांडायचं, मग दुसरी बाजू. मुलांना हे पटत नाही, कारण समोरच्या घराबाहेर मोठा सांगाडा उभा असतो आणि मैत्रीण तिकडे पळालेली असते. पळणं म्हणजेच अपघात, निदान मी पाहिलेल्यांत तरी. दुसरी जागा ड्राइव्हवे. तिथून गाडी मागे येते आणि मुलाला ती रस्त्याचा भाग वाटत नाही. पण तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता, म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात वाईट जागा म्हणजे पार्किंग लॉट. इमारतीतून इमारतीत जाताना मुलं तो आडवा कापतात, आणि त्याच वेळी ऑफिसातून आलेला माणूस रिव्हर्समध्ये जागा शोधत असतो. लॉटच्या कडेने, लांबचा फेरा पडला तरी चालेल. एडिसनच्या गजबजलेल्या ओक ट्री रोडच्या आसपास राहत असाल तर तो मुख्य रस्ता पूर्ण सोडा आणि आतल्या गल्ल्याच घ्या.

मोठ्या माणसांबद्दलही बोलायला हवं. आपला घोळका निघतो तेव्हा सात-आठ आईबाबा आणि पंधरा-वीस मुलं असतात. आईबाबा मागे गप्पा मारत चालतात आणि प्रत्येकाला वाटतं, पुढे कोणीतरी आहे. मी एकदा रडणाऱ्या आईला विचारलं होतं, मुलाबरोबर कोण होतं? ती म्हणाली, आम्ही सगळेच होतो. तेव्हापासून मी आमच्या मंडळात नावं वाटून देते. एका मोठ्या माणसाच्या नावावर दोन मुलं, तीन नाहीत. ज्याच्या नावावर मुलं आहेत त्याने फोटो काढायचे नाहीत. फोटोसाठी एक रिकामा माणूस ठेवायचा. आणि मुलांच्या मागोमाग हळू गाडी चालवत कोणी येणार असेल तर त्याला प्रेमाने घरी पाठवा. गर्दीच्या रस्त्यावर ती गाडी हाच एक नवा धोका.

(गंमत म्हणून सांगते. २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा इथल्या गव्हर्नरांनी आदेश काढून राज्यातला हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. रस्त्यावर तारा पडल्या होत्या, दिवे नव्हते. मुलं भुताला घाबरत नव्हती, आणि सरकार अंधाराला घाबरलं होतं.)

कपड्यांचं फार ताणत नाही. झगा घोट्याच्या वर शिवून घ्या. पायात रोजचे स्नीकर्स, राजकन्येच्या प्लास्टिकच्या चपला पिशवीत. मुखवट्याऐवजी चेहऱ्यावर रंग, आणि तो आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. चमकणारी टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती पाठीवर, बाहीवर आणि कँडीच्या पिशवीवर चिकटवा. बाजूने येणाऱ्या गाडीला पाठ दिसत नाही, म्हणून बाही. रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा कॉश्च्युम एक साइझ मोठा घेऊन आत स्वेटर घाला. वरून जॅकेट घातलं तर ‘माझा ड्रेस दिसत नाही’ म्हणून दुसऱ्या घरापाशी रडारड ठरलेली. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मोठ्या मुलांचं खूळ आहे, तुम्हाला अजून अवकाश आहे. पण भाचे-पुतणे असतील तर सांगून ठेवा, डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय त्या विकणं इथे बेकायदा आहे, आणि सजावटीच्या दुकानातल्या लेन्सने बुबुळाला जखम होते.

आता आपल्या घरातली एक खास गोष्ट. हॅलोवीनच्या राजकन्येसाठी वेगळे पैसे कशाला, म्हणून दिवाळीचा घागरा-ओढणी काढायचा मोह प्रत्येक मराठी आईला होतो, मलाही झाला. तो घागरा बहुतेक वेळा सिंथेटिक असतो. सुती कापड जळतं, हे वितळून कातडीला चिकटतं. दुकानातल्या कॉश्च्युमवर आग लवकर न पकडणारं कापड असल्याचं लेबल शोधा. त्याचा अर्थ पेटत नाही असा नव्हे, पेटायला वेळ लागतो एवढाच. २०२४ मध्ये आमच्याकडे लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरला आलं. सौदा फिसकटला, तरी रजा मिळाली. मी हौसेने पुढच्या तिन्ही पायऱ्यांवर पणत्या लावल्या. सव्वासहाला बेल वाजली. दारात एक तीन-चार वर्षांचा डायनासोर, मागे लांब फोमची शेपटी. मी त्याच्या वाडग्यात कँडी टाकली, तो आनंदाने गर्रकन वळला आणि शेपटी दोन पणत्यांवरून फिरली. एक विझली, दुसरी आडवी झाली, तेल पायरीवर सांडलं. शेपटीला काळा डाग पडला, बाकी काही नाही. भाजलेली मुलं हाताळणारी बाई मी, आणि माझ्याच पायरीवर हे. दिवाळी आणि हॅलोवीन मागेपुढे आठवड्याच्या अंतराने येतात तेव्हाही घराघरांत पणत्या, तोरणं चालूच असतात, म्हणून हे सांगते. पणत्या कठड्यावर नाहीतर खिडकीच्या आत. दारात आणि हॅलोवीनला कोरून ठेवतात त्या भोपळ्यात बॅटरीचे दिवे.

पण ते बॅटरीचे दिवे आणलेत की अडीच वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे ठेवा. त्या छोट्या दिव्यांत, चमकणाऱ्या छड्यांत, लुकलुकणाऱ्या अंगठ्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजून काढते, आणि वरून मूल फक्त लाळ गाळतं किंवा जेवायला नको म्हणतं. खेळण्यांच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असणं पूर्वीपासून सक्तीचं होतं. २०२२ च्या एका कायद्याने इतर वस्तूंनाही लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण लागतं. तरीही जुना माल आणि पार्टीत फुकट वाटलेल्या वस्तू घरात येतातच. स्क्रू दिसला नाही तर ती वस्तू घरात नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इमर्जन्सी. उलटी काढायला लावू नका. एक वर्षावरचं मूल गिळू शकत असेल आणि घटना बारा तासांच्या आतली असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे (चहाचे) चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजण्याचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करायचा नाही.

भाजलंच तर थंड वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, बटाट्याचा कीसही नाही. तो कीस जखमेतून काढताना मुलाला जास्त दुखतं, हे मी स्वतःच्या हातांनी केलंय.

आता तुमच्या मुलीची ॲलर्जी. इथे मी ठामपणे फार थोडं सांगू शकते, कारण बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे. तिला त्रास किती खाल्ल्यावर झाला? नुसत्या गांधी उठल्या की उलटी, खोकला, आवाज बसणं असं काही झालं? दमा आहे का? इथल्या ॲलर्जिस्टने पाहिलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात एपिनेफ्रिनचं ऑटोइंजेक्टर, म्हणजे तीव्र ॲलर्जीत घरच्यांनीच मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, एपिपेन किंवा तसंच दुसरं काही आहे का? भारतात ते सहज मिळत नाही, त्यामुळे नवीन आलेल्या बहुतेक घरांत नसतं. नसेल तर कँडी, कॉश्च्युम सगळं बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी मुलांच्या डॉक्टरांना फोन करा. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टर ठरवतील. दोन घ्या. दोन्ही तिच्याबरोबरच राहायला हवीत, म्हणजे ३१ तारखेला ज्याच्या नावावर ती आहे त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. गाडीत नाही, घरी फ्रिजवर तर नाहीच.

खाण्याचा नियम एकच आणि तो तिला स्वतःच्या तोंडाने म्हणता यायला हवा: लेबल नाही तर खायचं नाही. हॅलोवीनच्या इवल्याशा वड्यांवर बरेचदा घटकांची यादी नसते, ती मोठ्या पाकिटावर छापलेली असते. मोठा बार सुरक्षित म्हणून छोटा सुरक्षित असं धरू नका. छोट्याची कृती वेगळी असू शकते, कारखाना वेगळा असू शकतो. आणि ‘यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ ही सूचना छापणं इथे कंपनीच्या मर्जीवर आहे. ती छापलेली नाही म्हणजे अंश नाही असं होत नाही. तुमच्या ॲलर्जिस्टने अशा वस्तूंबद्दल काय सांगितलंय ते पाळा.

सासूबाईंना आवडणार नाही असं एक मत: तुमच्या मुलीला परक्या घरच्या बंद पाकिटापेक्षा आपल्या लोकांच्या घरी जास्त सांभाळा. आपण दाण्याचं कूट कशात घालत नाही? चिवड्यात दाणे, लाडवात दाणे, चिक्की तर दाण्याचीच, आणि ‘अगं, थोडंसंच आहे, काही होत नाही’ म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असते. परका माणूस मुलीला आग्रह करत नाही. हॅलोवीन आणि फराळ एकाच मोसमात येतात, तेव्हा कॉम्प्लेक्समधल्या मराठी घरांना आधीच मेसेज करून ठेवा. मी अशा मेसेजमध्ये गुळमुळीत लिहीत नाही. ‘दाण्याने हिला हॉस्पिटलात न्यावं लागतं’ असं सरळ लिहिते.

तिला वाईट वाटू नये म्हणून घरी अदलाबदलीचं दुकान मांडा. खाता न येणाऱ्या प्रत्येक कँडीमागे एक स्टिकर, पेन्सिल किंवा तिला आवडणारी सुरक्षित गोळी. दारात निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी छोटी खेळणीही मिळतात. ही पद्धत टेनेसीत ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी सुरू केली आणि २०१४ पासून फेअर नावाच्या संस्थेने ती देशभर नेली. तुम्हीही एक ठेवा. सहा डॉलरच्या रंगात काम होतं.

त्रास सुरू झालाच तर तो कसा दिसतो? अंगावर गांधी आणि त्याबरोबर उलटी. किंवा खोकला, घोगरा आवाज, ओठ-जीभ सुजणं. किंवा मूल नुसतं म्हणतं, ‘आई, घशात कसंतरी होतंय’. अशी दोन प्रकारची लक्षणं एकत्र आली, किंवा श्वासाचा त्रास एकटाच आला, तरी एपिनेफ्रिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून, लगेच. मग ९११ या इमर्जन्सीच्या नंबरला फोन. तिला आडवं करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप नंतर. ते आधी देऊन ‘बघू उतरतंय का’ म्हणत वाट बघणं हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीये. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात या, कारण त्रास काही तासांनी परत उलटू शकतो. आणि कॉश्च्युम घेतानाच बघा: स्नायू दाखवायला मांडीवर जाड फोम भरलेला सुपरहीरोचा सूट असेल तर सुई त्यातून पोहोचणार नाही. साधी लेगिंग आणि वरून झगा, म्हणजे वेळेला झगा वर करता येतो. आदल्या दिवशी तो पोशाख घालून, सरावाच्या बिनसुईच्या पेनने एकदा करून बघा, नवऱ्यालाही करायला लावा.

धाकट्याच्या घशाची काळजी वेगळी. चार वर्षांखाली कडक गोळ्या, च्युइंग गम, पॉपकॉर्न, अख्खे काजू-बदाम, चिकट कॅरॅमल, मार्शमेलो, यातलं काही नको. ताईच्या पिशवीत हात जातोच, म्हणून पिशवी उंचावर. काही अडकलं आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून खांद्याच्या पात्यांमध्ये पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, पुन्हा थापा, आणि कोणालातरी ९११ लावायला सांगा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. चमकणाऱ्या काड्या फुटून त्यातलं द्रव तोंडात गेलं तर मात्र घाबरू नका. चव भयंकर कडू आणि तोंड चुरचुरतं, एवढंच. तोंड पुसा, पाणी द्या. शंका असेल तर विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट. फोनमध्ये आजच भरून ठेवा.

भोपळा कोरण्याबद्दल एकच. माझी आजी अख्खा भोपळा आधी घरातल्या पुरुषाकडून फोडून घ्यायची आणि मगच चिरायला बसायची. मला त्या रीतीचा राग यायचा. इथे हाताला टाके घालायला येणाऱ्यांत मला पुरुषच जास्त दिसतात, स्वयंपाकघरातला मोठा सुरा घेऊन बसलेले. सुरा जाड गरात रुततो, जोर लावून ओढला की सुटून दुसऱ्या तळव्यात जातो आणि बोट हलवणारा स्नायूचा दोर (टेंडन) कापला जातो. कोरायच्या सेटमधली छोटी दातेरी पट्टी वापरा. मुलांनी चित्र काढायचं आणि चमच्याने बिया काढायच्या, पाती मोठ्यांच्या हातात.

तर ३१ तारीख मी तुमच्या जागी असते तर अशी लावली असती. साडेचारला जेवण. पाचला, उजेड असताना, निघायचं. पाचला निघालं तर अंधार पडायच्या आत बरीच घरं होतात. ज्या घराचा बाहेरचा दिवा लागलेला आहे तिथेच बेल, आणि उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. धाकटा पाच घरांत थकेल, त्याला बाबाबरोबर परत पाठवायचं. मुलीला साडेसहापर्यंत. त्यानंतर घरी येऊन टेबलावर पिशवी, लेबलं वाचणं आणि अदलाबदल. अंधारात फिरायचं नाहीच असं वाटत असेल तर अनेक चर्च आणि शाळा पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून मुलांना खाऊ देतात, तेही चांगलं. फक्त ॲलर्जीचे नियम तिथेही तेच. आदल्या रात्री, म्हणजे ३० ला, कोणी झाडावर टॉयलेट पेपर टाकला किंवा गाडीवर अंडं फोडलं तर घाबरू नका. न्यू जर्सीत ती पोरांची जुनी खोडी आहे.

सासूबाईंना दारावर बसवा. खुर्ची, मांडीवर शाल, हातात कँडीचा वाडगा. एका मुलाला एक किंवा दोन. सोळा-सतरा वर्षांचा उंच मुलगा आला तरी ‘एवढा घोडा झालास’ म्हणायचं नाही, द्यायचं. एखादं मूल ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणणार नाही, बोलता येत नसेल, त्यालाही द्यायचं. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी नाक मुरडून बसल्या होत्या. साडेसातला कँडी संपली तेव्हा त्यांनी आतून लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आणला आणि दिवा घालवू देईनात.

माझी यंदाही तीन ते अकरा ड्यूटी आहे. एपिपेन मिळालं की इथेच एक ओळ लिहा, आणि तिचं वजन आणि आधीच्या त्रासाचं थोडं लिहिलंत तर ॲलर्जिस्टला नेमकं काय काय विचारायचं ते सांगते.